पिकतं तिथं विकत नाही : बार्शीचं संशोधन आणि सरकारी तिजोरी



या ब्लॉगवर आपण नेहमी एखादा आजार, त्याची लक्षणं आणि उपचार यांबद्दल बोलतो. आजही एका आजाराबद्दल बोलणार आहोत, पण त्याच्या जोडीला सरकारी पैशाबद्दलही. बरेच रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, सरकार संशोधनावर कोट्यवधी रुपये घालवतं, त्याचा आमच्यासारख्यांना काय उपयोग? त्यापेक्षा सिव्हिलमध्ये औषधं तरी पुरेशी द्या की!"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेत किंवा बंगळुरूला जायची गरज नाही. ते आपल्याच जिल्ह्यात, सोलापूरपासून साधारण ७० किलोमीटरवर, बार्शीत आहे. माझं मत आधीच सांगतो, मग कारणं देतो. सरकारने संशोधनावर पैसा खर्च करावाच, आतापेक्षा जास्त करावा. पण संशोधनातून जे कळलं ते गावातल्या बाईपर्यंत पोचवायचा खर्चही त्याच हिशेबात धरावा. नाहीतर काय होतं, ते गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या उदाहरणावरून बघू.

आजार थोडक्यात

गर्भाशयमुख म्हणजे गर्भपिशवीचं तोंड. तिथला कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की लग्न झालेल्या कोणाही स्त्रीला त्याची लागण होऊ शकते. त्यात तिच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्याचा प्रश्न काढायचं कारण नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि पेशी हळूहळू बिघडतात. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात.

म्हणजे हा आजार आपल्याला पकडायला भरपूर वेळ देतो. त्या वेळात तपासणी झाली, तर बिघडलेल्या पेशी छोट्या उपचाराने काढून टाकता येतात आणि कॅन्सर होतच नाही. तरीही भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि ७५ ते ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात. टाळता येण्यासारखे इतके मृत्यू होणारे कॅन्सर फार थोडे आहेत.

बार्शीत काय घडलं?

१९८७ मध्ये बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, या सरकारी संस्थेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा ती भाग आहे. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे तज्ज्ञ आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय यांनी हे काम उभं केलं.

नोंदणी हा शब्द ऐकायला अगदी रुक्ष आहे. पण शहरातल्या नोंदणीसारखं इस्पितळातल्या फायली चाळून इथे भागणार नव्हतं, कारण खेड्यातला रुग्ण बऱ्याचदा इस्पितळापर्यंत पोचतच नसे. मृत्यूच्या दाखल्यावर नेमकं कारण नसे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. कोणाच्या अंगावरून लाल जातंय, कोणाच्या छातीत गाठ आहे, कोण कशाने गेलं, हे विचारत राहिले. विचारता विचारता ते लोकांना माहितीही देत होते. त्याचा परिणाम १९९५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसला. कोणतंही महागडं यंत्र नसताना, केवळ जाणीव वाढल्यामुळे स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या होत्या.

सरकारी पैशाचं खरं काम मला इथे दिसतं. अशा नोंदणीला उद्योगपती पैसे देत नाही, कारण त्यातून विकायला काही निघत नाही. तिचं उद्‌घाटन करून फोटोही फारसा चांगला येत नाही. ती वर्षानुवर्षं, न थकता चालवावी लागते. असा संथ, कंटाळवाणा, पण न चुकता येणारा पैसा सरकारच देऊ शकतं.

त्या पायावर उभं राहिलेलं काम

नोंदणी होती, गावांची ओळख होती, प्रशिक्षित माणसं होती. म्हणूनच १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, एक प्रचंड मोठा अभ्यास सुरू होऊ शकला. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं रुग्णालय यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटणी केली. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघण्याची तपासणी. चौथ्या गटाला आरोग्यशिक्षण आणि नेहमीची सेवा. दोष सापडला, तिला उपचार मिळाले.

आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही चाचणी केलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कॅन्सरने दगावल्या होत्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅप आणि व्हीआयए एकदाच करून असा ठोस फरक दिसला नाही. शिवाय एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांना पुढे हा कॅन्सर होण्याचं प्रमाण, पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांच्या तुलनेत जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकं होतं. २००९ मध्ये हा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगातल्या अव्वल नियतकालिकात आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. तिथवर पोचवणाऱ्या पुराव्यांत या जिल्ह्यातल्या बायांचा हा पुरावा फार मोलाचा होता.

दुसरी गोष्ट लसीची. २००९ मध्ये एचपीव्ही लसीचे तीन डोस लागतात की दोन पुरतात हे बघायला देशभर एक अभ्यास सुरू झाला. बार्शी हे त्याचं एक केंद्र होतं. आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पावरून वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने या लसीचे अभ्यास थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. सुमारे दहा वर्षांनी दिसलं, की एक डोस घेतलेल्यांनाही १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालं होतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं. त्यामुळे गरीब देशांचा लसीचा खर्च बराच कमी होऊ शकतो. एवढी मोठी गोष्ट जगाला ज्यांच्यामुळे कळली, त्यांत बार्शीकडच्या शाळकरी मुलीही आहेत.

मग पैसा कुणाचा?

आता कडू भाग. या दोन्ही मोठ्या अभ्यासांना पैसा प्रामुख्याने गेट्स फाउंडेशनकडून आला. नोंदणीचा पाया आपल्या सरकारचा, त्यावरची इमारत बाहेरच्या पैशाची. "पैसा कुठूनही येवो, काम झालं ना?" असं तुम्ही म्हणाल. काही अंशी मलाही ते पटतं. पण देणगीदाराची एक मर्यादा असते. तो प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत पैसे देतो. उत्तर मिळालं की प्रकल्प संपतो आणि गाड्या परत जातात. त्या उत्तराप्रमाणे पुढची तीस वर्षं वागणं ही देणगीदाराची जबाबदारी नसते. ती सरकारची, आणि पर्यायाने आपली असते.

आपण काय केलं? २००९ मध्ये पुरावा आला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात निवड झाली व्हीआयएची, कारण ती स्वस्त. आणि प्रत्यक्षात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, तेव्हा ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत!

व्हीआयए वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने प्रशिक्षित स्थानिक महिलांकडून दर दोन वर्षांनी व्हीआयए करून घेतली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण त्यासाठी चांगलं प्रशिक्षण, देखरेख आणि पुन्हा पुन्हा तपासणी लागते. आपल्याकडे काय होतं? महिलादिनाला शिबिर, मंडप, हार-तुरे, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत शुकशुकाट. एकदाच केलेल्या व्हीआयएचा फारसा फायदा होत नाही, हे आपल्याच शेजारच्या जिल्ह्याने दाखवून दिलं असताना आपण नेमकं तेच करतो आहोत.

लसीचंही तसंच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने देशी लस तयार केली आणि तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षी लसीकरणाच्या राष्ट्रीय तज्ज्ञ गटाने शिफारस केली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचा उल्लेख आला. शिफारस, उल्लेख आणि प्रत्यक्ष दंडाला टोचलेली सुई यांच्यामध्ये वर्षं जातात. त्या वर्षांत चौदाची मुलगी अठराची होते.

तपासणी पोचली नाही की भीती पोचते, हेही लक्षात घ्या. अंगावरून पांढरं जातंय, "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" असं सांगितलं जातं आणि तिशी-पस्तिशीतली बाई कर्ज काढून ऑपरेशन करून घेते. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. एका साध्या चाचणीने ज्या बहुतेकींना "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगता आलं असतं, त्यांची पिशवी जाते. हा खर्च संशोधनाच्या अर्थसंकल्पात कुठेच दिसत नाही.

आकडे काय सांगतात?

२०२०-२१ मध्ये भारताने संशोधन आणि विकासावर केलेला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. म्हणजे देशाच्या शंभर रुपयांच्या कमाईतले ६४ पैसे. त्या सुमारास चीन सुमारे अडीच रुपये खर्च करत होता, दक्षिण कोरिया पावणेपाचच्या घरात. आपल्या या ६४ पैशांतही सगळ्या राज्य सरकारांचा मिळून वाटा साधारण ७ टक्केच. २०२५-२६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सुमारे ९९,८५९ कोटींपैकी आरोग्य संशोधन विभागाला मिळाले सुमारे ३,९०१ कोटी, म्हणजे शंभरातले चार रुपयेही नाहीत.

अलीकडे मोठ्या घोषणा झाल्या आहेत. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी, त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. जुलै २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर झाली. या योजनांचं मी स्वागतच करतो. पण त्या मुख्यतः विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि उद्योग यांच्यासाठी आहेत. गावोगाव फिरून "मावशी, तब्येत कशी आहे?" असं विचारणाऱ्या नोंदणी कार्यकर्त्याचा पगार त्यांतून निघेल, असं मला वाटत नाही.

"आधी औषधं द्या, मग संशोधन"

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. औषधं आणि संशोधन यांत निवड करावी लागते, हेच मला मान्य नाही. कोणत्या तपासणीने मृत्यू टळतात हे माहीत नसेल तर औषधांचा पैसाही वाया जातो.

संशोधनाला नेहमी मोठी प्रयोगशाळा लागते असंही नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाचे रुग्ण बारकाईने नोंदवले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर किती गुणकारी आहे ते जगाला दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या महिलांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने ती पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली. बारा वर्षं लागली, पण नेली. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर हे होतं.

बार्शी-धाराशिवच्या बाबतीत एक नैतिक मुद्दाही आहे. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही, त्यातल्या ६४ स्त्रिया दगावल्या. असा गट ठेवणं योग्य होतं का, यावर वैद्यकीय जगात कडाक्याचा वाद झाला. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी वाचलं आहे. माझ्या मते या वादाचं एकच प्रामाणिक उत्तर असू शकतं : त्या बायांमुळे जे कळलं, ते त्यांच्या लेकी-सुनांना मिळालं पाहिजे. ते मिळालं नाही, तर त्या वादात आपली बाजू फार लंगडी पडते.

सरकारकडे माझ्या चार मागण्या

पहिली, प्रत्येक जिल्ह्यात कॅन्सर नोंदणी हवी. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत आणि नोंदणी मोजक्याच ठिकाणी आहे. आपल्या तालुक्यात कोणता कॅन्सर किती आहे हे माहीत नसताना केलेलं नियोजन म्हणजे अंधारात मारलेला दगड.

दुसरी, एचपीव्ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणा. या चाचणीसाठी स्त्री स्वतःच नमुना घेऊ शकते, म्हणजे लाजेचा मोठा अडसर दूर होतो. चाचणी महाग आहे हे खरं, पण ती वारंवार करावी लागत नाही. सरकारने घाऊक खरेदी केली तर किंमत उतरते, हे आपण इतर चाचण्यांत पाहिलं आहे.

तिसरी, राज्य सरकारने सरकारी मेडिकल कॉलेज आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना छोट्या रकमांचे, कमी कागदपत्रांचे संशोधन निधी द्यावेत. दोन-पाच लाखांत स्थानिक प्रश्नांची उत्तरं मिळू शकतात.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : सरकारी किंवा परदेशी पैशाने कोणताही मोठा आरोग्य अभ्यास मंजूर करतानाच, तो यशस्वी झाला तर त्याच जिल्ह्यात सेवा कोण, कधी आणि कोणत्या पैशाने सुरू करणार, हे लेखी ठरलेलं असावं.

आणि तुम्ही काय करायचं?

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर एवढं करा :

• घरातली स्त्री ३० वर्षांवरची असेल तर तिची गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे का, ते विचारा. झाली नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. काही त्रास नसतानाच ही तपासणी करायची असते.

• पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, संबंधानंतर रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये लाल जाणं, दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काहीही असेल तर पुढच्या शिबिराची वाट न बघता लगेच दाखवा.

• ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच.

• कॅन्सरच्या भीतीने कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी तपासणीचा रिपोर्ट मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

• ग्रामसभेत, नगरसेवकाला, आमदाराला एक प्रश्न नक्की विचारा : "आपल्या आरोग्य केंद्रात ही तपासणी आठवड्यातून कोणत्या वारी होते?" शिबिर कधी आहे असं विचारू नका. वार विचारा. वार सांगता आला नाही, तर तपासणी होत नाही असं समजा आणि ती सुरू करून घ्या.

पिकतं तिथं विकत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. बार्शी आणि धाराशिवच्या मातीत पिकलेलं हे ज्ञान निदान आपल्या घरात तरी वापरू या. काही शंका असतील तर जरूर विचारा.